डॉक्टरांसाठीच्या औषध-जाहिराती : 'त्यांना कळतं की सगळं' म्हणून मोकळं रान?

तळटीप
औषधांच्या जाहिराती म्हटलं की आपली चर्चा हमखास केस उगवणाऱ्या तेलांवर आणि वजन उतरवणाऱ्या चूर्णांवर घसरते. त्या जाहिराती सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कुणीतरी ओरडतं तरी. मला बोलायचंय ते आपल्याला कधीच न दिसणाऱ्या, फक्त डॉक्टरांसाठी केलेल्या जाहिरातींबद्दल. वैद्यकीय नियतकालिकांतली चकचकीत पानं, एमआरच्या (कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीच्या) बॅगेतलं व्हिज्युअल एड म्हणजे डॉक्टरला दाखवायचं चित्रमय पुस्तक, परिषदेतले स्टॉल, 'शैक्षणिक' वेबिनार वगैरे.

चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची थेट लोकांपुढे जाहिरात करायची मोकळीक अमेरिका आणि न्यूझीलंड वगळता जवळपास कुठेच नाही. त्यामुळे बाकी जगात कंपनीचा सगळा जोर चिठ्ठी लिहिणाऱ्यावर, आणि देखरेख नेमकी तिथेच पातळ. गृहीत असं की डॉक्टर शिकलासवरलेला, त्याला कोण फसवणार? संरक्षण हवं ते भोळ्या जनतेला. हे गृहीतक कायद्यात चक्क लिहिलेलं सापडतं. भारताचा १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा काढून बघा. कलम १४ म्हणतं की फक्त नोंदणीकृत डॉक्टरला गोपनीय रीतीने पाठवलेल्या जाहिरातीला हा कायदा लागू नाही. कागदाच्या माथ्यावर 'केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी' अशा अर्थाची ओळ छापली की काम झालं.

आता हे गृहीतक कितपत टिकतं ते पाहू. १९९२ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. दहा नामांकित नियतकालिकांतल्या १०९ जाहिराती त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे दिल्या, शोधनिबंध परीक्षणाला देतात तशा. ४४ टक्के वेळा तज्ज्ञांचं मत पडलं की डॉक्टरकडे या जाहिरातीपलीकडे माहिती नसेल तर तो औषध चुकीच्या पद्धतीने लिहील. मग २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला अभ्यास आला. तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांच्या जाहिराती घेतल्या आणि खाली बारीक अक्षरात दिलेले संदर्भ खरोखर काढून वाचले. १०२ पैकी ४५ ठिकाणी तो अभ्यास वरच्या दाव्याला आधारच देत नव्हता. बहुतेकदा गफलत एकाच जातीची: अभ्यास एका प्रकारच्या रुग्णांवर झालेला, घोषणा भलत्याच रुग्णांसाठी.

सरळ खोटं फार क्वचित छापलं जातं हे लक्षात घ्या. संदर्भ खरा, नियतकालिक खरं, आकडाही खरा. दावा मात्र त्यांच्या दोन पावलं पुढे गेलेला. रांगेत पेशंट बसलेले असताना तो संदर्भ उघडून बघणार कोण?

नियामक बघेल म्हणाल तर ऐका. अमेरिकी संसदेची लेखातपासणी संस्था जीएओ हिने डिसेंबर २००३ मध्ये ऑक्सिकॉन्टिन या अफूजन्य वेदनाशामकावर अहवाल दिला. त्यात एफडीए या तिथल्या औषध नियामकाच्या जाहिरात विभागाची हकिगत आहे. २००१ मध्ये त्यांच्याकडे जाहिरात साहित्याचे सुमारे ३४,००० नग आले. माणसं? सगळ्या देशातल्या सगळ्या औषधांसाठी मंजूर पदं ३९. ही जगातली सगळ्यांत दांडगी नियामक संस्था! बाकीच्यांचं काय विचारता.

माझं म्हणणं एवढंच की डॉक्टरला फसवता येत नाही हे गृहीतक सोडल्याशिवाय हे नियमन सुधारणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_खारूताई
आधी हजेरी लावते. खुर्ची पकडून बसलेय.

जुनी_बॅग
उत्तम धागा. बरीच वर्षं बॅग उचलली, आता दुसऱ्या धंद्यात आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

व्हिज्युअल एड म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. त्याचं प्रत्येक पान सेकंदांच्या हिशोबाने बांधलेलं असतं. डॉक्टर उभ्याउभ्या दोन मिनिटं देतो, त्यात तीन-चार ब्रँड उरकायचे. म्हणून पानावर एक मोठा आकडा, एक चढता किंवा उतरता आलेख आणि एक चेहरा. तुम्ही बोट कुठे ठेवायचं, डॉक्टरची नजर कुठे न्यायची, हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. दुष्परिणाम असतात, नाही असं नाही. मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. ते पान उलटायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

आलेखाची गंमत सांगतो. उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा नाही. ६० पासून ७० पर्यंतच दाखवला की दोन अंकांचा फरक डोंगराएवढा दिसतो. आमच्या एका मॅनेजरला हे एका डॉक्टरांनी तोंडावर विचारलं. त्यांचं उत्तर, "सर, जागा वाचवायला."

आणि टक्के. १०० जणांत ३ ऐवजी २ जणांना झटका आला तर 'धोका ३३ टक्क्यांनी कमी' लिहायचं. तेच दुष्परिणाम १ वरून २ झाले तर 'केवळ १ टक्का वाढ'. फायद्याला एक माप, तोट्याला दुसरं. दोन्ही विधानं खरी, कोर्टात टिकणारी.

साशंक
जुनी_बॅग, लिहिलंय छान, पण यात बेकायदा काय? प्रत्येक विक्रेता माल चांगला दिसेल असाच मांडतो. डॉक्टरला नव्या औषधाची पहिली खबर मिळते ती एमआरकडूनच. ती बंद केली तर तो दहा वर्षांपूर्वीचंच लिहीत बसेल. दुसरं, कंपन्यांना दंड होत नाही असं नाही. ग्लॅक्सोने २०१२ मध्ये ३ अब्ज डॉलर भरले. याला 'ढिलं नियमन' म्हणायचं असेल तर कडक कशाला म्हणाल?

डॉ_मितभाषी
धागा वाचून थोडा राग आला, थोडी शरमही वाटली. आधी राग.

आम्ही काही कुक्कुली बाळं नाही. एमआर काय सांगतो आणि का सांगतो हे मला पक्कं ठाऊक असतं. निम्मं या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो. पेन आणि पॅडसाठी कोणी सद्सद्विवेक विकत नाही. माझी चिठ्ठी माझ्या अभ्यासावर आणि अनुभवावर चालते. तेव्हा सरसकट 'डॉक्टर फसतात' हे विधान मागे घ्यावं.

शरम अशासाठी की कलम १४ ची गोष्ट मला आजवर माहीत नव्हती.

पिंपळपान
सर, मी अजून रेसिडेंट आहे, त्यामुळे लहान तोंडी मोठा घास. तुम्ही म्हणता ते अक्षरशः मोजलं गेलंय. २००१ मध्ये अमेरिकेत रेसिडेंट डॉक्टरांनाच विचारलं होतं. ६१ टक्के म्हणाले, कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही. पुढचा प्रश्न होता, इतर डॉक्टरांवर? 'त्यांच्यावरही होत नाही' म्हणणारे फक्त १६ टक्के.

खवचट_खारूताई
म्हणजे बिघडलेले ते सगळे शेजारच्या केबिनमधले!

डॉ_मितभाषी
@पिंपळपान : घास मोठा होता खरा. पण हे लोकांना 'वाटणं' झालं. प्रत्यक्ष लिहिण्यात फरक पडतो याला पुरावा?

पिंपळपान
आहे. २०१६ चा 'जामा इंटर्नल मेडिसिन'मधला अभ्यास. अमेरिकेत २०१० च्या सनशाइन कायद्यामुळे कंपनीने डॉक्टरला दिलेलं सगळं सरकारी संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. तो विदा (डेटा) चिठ्ठ्यांच्या विदाशी जोडला. पावणेतीन लाखांहून जास्त डॉक्टर. ज्यांनी कंपनीच्या खर्चाने एकदाच जेवण घेतलं, त्यांच्या चिठ्ठ्यांतही त्या ब्रँडचं प्रमाण जास्त निघालं. त्या जेवणांची सरासरी किंमत २० डॉलरच्या आत. आता हे सहसंबंध आहेत, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे कबूल. पण कंपन्या इतका पैसा वर्षानुवर्षं ओततात तो परिणाम न होता ओततात असं मानायचं असेल तर त्यांच्या हिशोबनिसांना मूर्ख म्हणावं लागेल.

तळटीप
@साशंक : दंडाबद्दल. ग्लॅक्सोचं प्रकरण तुम्ही आणलंत ते बरं झालं. त्यात पॅक्सिल हे नैराश्यावरचं औषध १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मंजूर नसताना डॉक्टरांपुढे तसा प्रचार केल्याचा भाग होता. तो प्रचार १९९८ ते २००३ मधला, निकाल २०१२ मध्ये. मधल्या काळात ती मुलं मोठी झाली. पॅक्सिल, वेलब्युट्रिन आणि अव्हँडिया या त्या प्रकरणातल्या तिन्ही औषधांची त्या त्या वर्षांतली विक्री दंडाच्या कैक पट होती. वॉर्नर-लँबर्ट कंपनीने न्यूरॉन्टिन या औषधाच्या मंजुरीबाहेरच्या प्रचारासाठी २००४ मध्ये ४३ कोटी डॉलर भरले. तेही बाहेर आलं ते नियामकामुळे नाही. डेव्हिड फ्रँकलिन नावाचा आतला माणूस फुटला म्हणून. दंड मोठा दिसतो खरा. पण तो उशिरा आणि क्वचित येत असेल, तर कंपनी त्याची तरतूद खर्चाच्या रकान्यातच करून ठेवते.

आणि 'नव्या औषधाची खबर' म्हणालात. मर्क कंपनीचं व्हायॉक्स हे वेदनाशामक आठवतंय? १९९९ मध्ये बाजारात आलं. २००० च्या अखेरीस 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये व्हिगर चाचणी छापून आली. पोटाला कमी त्रास, हा त्यातला ठळक निष्कर्ष. हृदयविकाराचे झटके जास्त, हा आत दडलेला. कंपनीचा खुलासा असा की व्हायॉक्समुळे झटके वाढले नाहीत, तुलनेला घेतलेलं नॅप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामकच हृदयाला जपतं. सप्टेंबर २००१ मध्ये एफडीएने मर्कला ताकीद देणारं पत्र पाठवलं, की प्रचारात हा धोका झाकला जातोय. औषध मागे घेतलं ३० सप्टेंबर २००४ ला. मधली तीन वर्षं प्रचार चालूच. त्या एका शोधनिबंधाच्या नऊ लाखांहून जास्त प्रती नियतकालिकाने छापून विकल्या, बहुतांश मर्कलाच. एमआरने डॉक्टरच्या टेबलावर ठेवलेला तो निबंध जाहिरात होता की विज्ञान? कुठल्या नियमात बसवाल?

जुनी_बॅग
रिप्रिंट हे सगळ्यांत भारी हत्यार. नियतकालिकाचं नाव वर छापलेलं असतं, कंपनीचं कुठेच नसतं. डॉक्टर वाचत नाही, पण ठेवून घेतो. आम्हाला तेवढंच हवं असायचं.

मावळतीकर
मी पेशंट पक्षातला. वाचतोय. तळटीपताई, ऑक्सिकॉन्टिनचा उल्लेख करून पुढे गेलात. ते प्रकरण नेमकं काय होतं? डॉक्टर मंडळी गाफील राहिली कशी?

तळटीप
मावळतीकर काका, त्याची गोष्ट पाच वाक्यांची आहे. शब्दशः. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या पत्रव्यवहारात एक पत्र आलं. रुग्णालयात ११,८८२ रुग्णांना अफूजन्य वेदनाशामकं दिली, व्यसन लागल्याची नोंद चौघांची. बस. ना पद्धत, ना किती दिवस दिली याचा तपशील. रुग्णालयात भरती असलेल्यांना मोजूनमापून दिलेल्या औषधाची ती गोष्ट. पुढे तेच पत्र 'व्यसनाचा धोका १ टक्क्याहून कमी' या दाव्याचा आधार बनलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात मोजदाद आली. या पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी दिलेला. ७२ टक्क्यांत 'व्यसन दुर्मीळ आहे' याचा पुरावा म्हणून, आणि सुमारे ८० टक्क्यांत ते रुग्ण भरती होते याचा उल्लेखच नाही. संपादकांना मूळ पत्रावर इशारा चिकटवावा लागला, ३७ वर्षांनी.

ऑक्सिकॉन्टिन १९९६ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने १९९८ मध्ये डॉक्टरांमार्फत दाखवायची एक चित्रफीत काढली, १५,००० प्रती वाटल्या. ती एफडीएकडे तपासणीला पाठवलीच नव्हती. २००१ मध्ये सुधारित फीत काढली, ती पाठवली. एफडीएने ती बघितली ऑक्टोबर २००२ मध्ये, जीएओने चौकशी केली तेव्हा! मग लक्षात आलं की त्यात धोका कमी करून सांगितलाय. वर मी ३४,००० आणि ३९ हे आकडे दिले ते याच अहवालातले. जानेवारी २००३ मध्ये 'जामा'तल्या जाहिरातींवरून ताकीद गेली, की जीवघेणे धोके जाहिरातीच्या मजकुरात ठळक दिलेले नाहीत. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. त्या कबुलीत, जुनी_बॅग, तुमचा आलेखही आहे: रक्तातली पातळी कमी वरखाली होते असं दाखवणारे खोटे आलेख.

तेव्हा डॉक्टर गाफील राहिले असं मी म्हणणार नाही. त्यांना जे वाचायला मिळालं ते सगळं एकाच नळाचं पाणी होतं.

डॉ_मितभाषी
हे पत्र आम्हाला व्याख्यानात दाखवलं गेलं होतं. वक्ते नामवंत होते, स्लाइडवर संदर्भ होता. मीही तो उघडला नव्हता. 'विधान मागे घ्यावं' हे माझं वाक्य तूर्त बाजूला ठेवतो.

पण मग मला एक सांगा. जाहिरात छापण्याआधी कुणीच तपासत नाही का? सिनेमाला सेन्सॉर आहे.

कलम_सदतीस
वकिली चष्म्यातून लिहितो, लांबेल.

डॉक्टरसाहेब, जगात ढोबळ तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, 'छापा, मग बघू'. अमेरिकेत १९६२ च्या दुरुस्तीने डॉक्टरी औषधांच्या जाहिराती एफडीएकडे आल्या. पण कंपनीने साहित्य वापरायला काढताना एक प्रत धाडली की झालं, आधी मंजुरी सहसा लागत नाही. त्यात न्यायालयांनी भर घातली. व्हर्माँट राज्याने कायदा केला होता की कुठला डॉक्टर काय लिहितो हा विदा त्याच्या संमतीशिवाय औषधकंपन्यांनी विक्रीसाठी वापरायचा नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी उडवला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग म्हणून. २०१२ मध्ये कॅरोनिया खटल्यात अपील न्यायालय म्हणालं की मंजुरीबाहेरच्या वापराबद्दल खरं बोलणाऱ्या विक्रेत्याला केवळ बोलल्याबद्दल शिक्षा नाही. 'खरं' म्हणजे काय, ते जुनी_बॅग यांनी टक्क्यांत दाखवलंच आहे.

दुसरी तऱ्हा, 'आमचं आम्ही बघतो'. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या संघटनेची आचारसंहिता १९५८ पासून आहे, तक्रारी ऐकणारी यंत्रणा १९९३ पासून. कागदावर ती बरीच कडक आहे, निकाल जाहीर होतात, हे मान्य करू. पण शिक्षा काय? नोवो नॉर्डिस्कने वजन कमी करण्यावरचा प्रशिक्षण वर्ग आरोग्य व्यावसायिकांसाठी प्रायोजित केला, तो सॅक्सेंडा या त्यांच्याच औषधाचा छुपा प्रचार ठरला. मार्च २०२३ मध्ये संघटनेने त्यांना दोन वर्षं निलंबित केलं. म्हणजे संघटनेतून. औषध विकायला आडकाठी नव्हती.

भारत याच गटात. २०१५ पासूनची यूसीपीएमपी ही औषध-प्रचाराची सरकारी आचारसंहिता ऐच्छिक होती. १२ मार्च २०२४ ला नवी आली, त्यातून 'ऐच्छिक' शब्द गेला. नियम वाचायला उत्तम: पात्रता न सांगता 'सुरक्षित' म्हणायचं नाही, वर्ष उलटलेल्या औषधाला 'नवं' म्हणायचं नाही. तक्रार मात्र कंपन्यांच्या संघटनेच्याच नीती समितीकडे. दोषी ठरलात तर ठपका, दुरुस्तीचं निवेदन, फार तर संघटनेतून हकालपट्टी. मागे कायद्याचा दंडुका नाही. आणि जी कंपनी कुठल्याच संघटनेत नाही तिला काढणार कुठून?

गंमत म्हणजे भारतात या विषयावर जो खरा चाप बसला तो आयकरातून. फेब्रुवारी २०२२ च्या अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च आयकर कायद्याच्या कलम ३७ खाली धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. २००९ पासून भेटवस्तू घेणं डॉक्टरला निषिद्ध होतं, देण्याबद्दल कंपनीला थेट मनाई करणारा कायदा नव्हता. कोर्ट म्हणालं, घेणं निषिद्ध तर देणाराही त्यात सामील. माझा आयडी कुठून आला ते आता कळलं असेल.

पण बारकाईने बघा. हा निकाल भेटवस्तूंचा आहे. दिशाभूल करणाऱ्या आलेखाला तो हात लावत नाही. वर्तमानपत्रं फ्रिज आणि सोन्याच्या नाण्यांवर तुटून पडतात, आणि व्हिज्युअल एड बिनबोभाट निसटतं.

तिसरी तऱ्हा तुम्ही विचारलीत ती, आधी तपासणी. कॅनडात पीएएबी नावाचं मंडळ १९७६ पासून हे करतं. फ्रान्समध्ये हे पहिल्यापासून होतं असं समजू नका, तिथेही आधी 'छापा, मग बघू' होतं. मग मेडियाटरचं प्रकरण झालं. मधुमेहाचं म्हणून आणलेलं, भूक मारायला सर्रास लिहिलं जाणारं, हृदयाच्या झडपा बिघडवणारं औषध २००९ मध्ये बाजारातून निघालं. त्या धक्क्याने डिसेंबर २०११ चा कायदा आला, आणि डॉक्टरांसाठीच्या जाहिरातीलाही सरकारी संस्थेची पूर्वपरवानगी लागू झाली.

जागतिक आरोग्य संघटनेचे १९८८ चे नैतिक निकषही आहेत. त्यांनी 'प्रचार' शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस केलीय की एमआर, नमुने, परिषदा सगळं आत येतं. बंधन कुणावरच नाही.

खवचट_खारूताई
+१ या प्रतिसादाला. 'काढणार कुठून' ला खुर्चीतून पडले.

साशंक
कलम_सदतीस यांचा प्रतिसाद आवडला, पण पूर्वतपासणीचा खर्च कोण देणार? ३४,००० नग तपासायला किती माणसं लागतील? शेवटी तो खर्च औषधाच्या किमतीतच येणार.

कलम_सदतीस
कॅनडात तपासणीचं शुल्क कंपनीच भरते. किमतीत येईल म्हणाल तर जाहिरात तरी कुठे फुकट होते? तीही किमतीतच आहे. तपासणीचा वेळ वाढला तर कंपन्या नग कमी काढतील, याला मी तोटा मानत नाही.

पिंपळपान
मला मात्र वाटतं, छापील जाहिरातीवर आपण भांडतोय आणि गाडी स्टेशनातून सुटलीसुद्धा. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदीचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची. रुग्णाची नोंद उघडली की वेदनेबद्दल विचारा, उपचार असे असे, अशी सूचना पडद्यावर यायची. ती सूचना कशी असावी हे ठरवण्यात ओपिऑइड (अफूजन्य वेदनाशामकं) बनवणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचा हात होता, आणि त्यासाठी जवळपास १० लाख डॉलर दिले गेले होते. २०१६ पासून २०१९ पर्यंत हे चाललं. जानेवारी २०२० मध्ये १४.५ कोटी डॉलरवर प्रकरण मिटलं. तिथे ना एमआर, ना पान, ना ब्रँडचा लोगो. डॉक्टरला वाटलं, सॉफ्टवेअर मार्गदर्शक तत्त्वं सांगतंय. कुठलं मंडळ आधी तपासणार होतं हे?

डॉ_मितभाषी
हे भयंकर आहे. एमआर समोर आला की मी सावध होतो. पडद्यावरच्या सूचनेसमोर सावध व्हायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

तळटीप
याला जोडून : २००९ मध्ये उघडकीला आलं की एल्सव्हियरच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने 'ऑस्ट्रलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन' नावाचं एक प्रकाशन काढलं होतं. दिसायला पक्कं वैद्यकीय नियतकालिक. पैसे मर्कचे, आतले लेख बरेचसे मर्कच्या औषधांना अनुकूल, आणि प्रायोजक कोण हे छापलेलं नाही. अशी एकूण सहा निघाली. प्रकाशकाने नंतर चूक मान्य केली. 'जाहिरात' असं कपाळावर लिहिलेली जाहिरात ही सगळ्यांत कमी धोक्याची, हे पिंपळपानचं म्हणणं पटतं.

मावळतीकर
मग डॉक्टरांनी नव्या औषधांची माहिती घ्यायची कुठून? साशंक यांचा तो मुद्दा तसाच राहिला.

पिंपळपान
काका, त्याला पर्याय आहेत, फक्त चमकदार नाहीत. फ्रान्सचं 'प्रिस्क्रीर' हे नियतकालिक वर्गणीवर चालतं, एकही जाहिरात घेत नाही, आणि बहुतेक नव्या औषधांबद्दल त्याचं मत 'जुन्यापेक्षा सरस काही नाही' असंच असतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात १९९४ पासून थेराप्युटिक्स इनिशिएटिव्ह हा विद्यापीठातला गट हेच काम करतो. आणि एक फार हुशारीची कल्पना १९८३ मध्ये अमेरिकेत तपासली गेली: एमआरचंच तंत्र वापरायचं, पण माणूस कंपनीचा नको. विद्यापीठाने प्रशिक्षित फार्मासिस्ट डॉक्टरांच्या दवाखान्यात पाठवले, हातात तशीच चित्रमय पत्रकं, बोलणं निःपक्ष. अनावश्यक औषधांचं लिहिणं घटलं. नुसती पत्रकं टपालाने पाठवली त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

जुनी_बॅग
म्हणजे आमच्या धंद्याला प्रशस्तिपत्रच मिळालं. समोरासमोर बोललेलं चिकटतं, छापलेलं नाही. कंपन्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे.

आणि म्हणूनच पूर्वतपासणीवर माझा भरवसा अर्धाच. मंडळ व्हिज्युअल एड तपासेल. मी जे तोंडाने बोललो ते कोण तपासणार? "सर, हे छापलेलं नाही, पण मोठे कन्सल्टंट मुलांनाही देतात" हे वाक्य कुठल्याच कागदावर नसतं. पकडले गेलो तर कंपनी म्हणते, आम्ही असं शिकवलंच नव्हतं. तेही खरं, कारण शिकवताना मॅनेजरही तोंडीच सांगतो.

तळटीप
त्याची मोजणी झालीय, जुनी_बॅग. कॅनडातल्या व्हँकुव्हर आणि माँट्रियल, अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो आणि फ्रान्समधल्या तुलूज इथल्या डॉक्टरांनी प्रत्येक भेटीनंतर एमआर काय बोलला ते नोंदवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. औषधांची १,६९२ सादरीकरणं. कशासाठी द्यायचं, गंभीर धोका, नेहमीचे दुष्परिणाम, कुणाला देऊ नये, इतकी किमान माहिती ज्यांत आली अशी १.७ टक्के. तिन्ही देशांत फ्रान्सचे नियम सगळ्यांत कडक होते, तरी या किमान माहितीत तुलूज इतरांहून ठळक पुढे नव्हतं.

जुनी_बॅग
१.७? मला वाटलं होतं त्याहून जास्तच निघाले.

कलम_सदतीस
यावर उपाय बोलण्याच्या तपासणीत नाही, बोलण्याच्या मोबदल्यात शोधावा लागेल. एमआरचा इन्सेंटिव्ह चिठ्ठ्यांच्या संख्येला बांधलेला असेल तोवर तो धोके सांगणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. ग्लॅक्सोने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं की एमआरचं वैयक्तिक विक्रीलक्ष्य काढून टाकू आणि डॉक्टरांना भाषणांचे पैसे देणार नाही. भाषणांचा भाग त्यांनी २०१८ मध्ये सैल केला. इतर कंपन्या मागे आल्या नाहीत म्हणून एकटं पडायला झालं. हे एका कंपनीच्या सद्‌बुद्धीवर सोडून भागत नाही, सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवं. ते कायद्यानेच होतं.

साशंक
इन्सेंटिव्हच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला. पूर्वतपासणीवर नाही.

डॉ_मितभाषी
तळटीप, एक विनंती. १९९२ आणि २००३ च्या त्या दोन्ही अभ्यासांत जाहिराती तपासायची जी पद्धत वापरली ती इथे सोप्या शब्दांत टाकाल का? आमच्या अभ्यासगटाची पुढची बैठक आहे. एमआर मागे ठेवून जातात ती, माझ्या टेबलावर साठलेली सगळी लीव्ह-बिहाइंड पत्रकं घेऊन जातो. प्रत्येकाला एकेक वाटतो आणि खालचे संदर्भ उघडायला लावतो.

तळटीप
टाकते. फार काही नाही त्यात. दावा एका कागदावर जसाच्या तसा उतरवा. संदर्भ मिळतो का पाहा, 'डेटा ऑन फाइल' (म्हणजे माहिती कंपनीच्याच फायलीत) लिहिलं असेल तर न मिळाल्यात धरा. मिळाला तर चार गोष्टी जुळतात का बघा: तोच आजार, तसेच रुग्ण, तोच डोस, आणि अभ्यासात मोजलेली तीच गोष्ट. रक्तातला आकडा सुधारला आणि जाहिरातीत आयुष्य वाढलं असेल तर तो दावा नापास. शेवटी टक्केवारी दिसली की मूळ आकडे शोधा, शंभरात किती होते आणि किती झाले. बाकीचं सविस्तर वेगळ्या प्रतिसादात लिहिते.

जुनी_बॅग
डॉक्टरसाहेब, पत्रकाची मागची बाजू विसरू नका. काम तिथेच आहे.